तिघांचे उत्तर एकच आले, म्हणून?

नीटच्या धर्तीवरील जीवशास्त्राची सराव चाचणी नुकतीच संपली होती. धाराशिवच्या बसस्थानकावर कळंबच्या गाडीची वाट पाहत बारावीची चार मुले प्रश्नपत्रिका उघडून बसली होती. प्रत्येकाच्या संचात प्रश्नांचा क्रम निराळा, त्यामुळे आधी प्रश्न शोधायचा आणि मग उत्तर जुळवायचे, असे चालले होते.

"मला दोन नंबर आलाय."

"मला बी दोन."

"माझा पण दोनच."

चौथी मुलगी हळूच म्हणाली, "मी तीन केलाय."

"मग तुझाच चुकला असंल," असा निकाल लागला आणि मंडळी पुढच्या प्रश्नाकडे वळली. मुलीने आपल्या प्रश्नपत्रिकेवरील तीनच्या खुणेवर काट मारली.

शेजारी बसलेल्या आम्हाला राहवले नाही. आम्ही प्रश्न वाचायला मागितला. तो असा होता : सिकलसेल आजाराच्या बाबतीत आई व वडील दोघेही वाहक आहेत. त्यांच्या मुलाला हा आजार नाही. तो वाहक असण्याची शक्यता किती? पर्याय : (१) १/४ (२) १/२ (३) २/३ (४) ३/४.

हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका बदलामुळे सिकलसेल होतो. नेहमीच्या जनुकाला 'अ' आणि बदललेल्या जनुकाला 'स' म्हणू. वाहकाकडे दोन्ही एकेक असतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक जनुक घेऊन अपत्याची जोडी बनते : अअ, अस, सअ किंवा सस. या चारही जोड्यांची शक्यता सारखीच असते आणि त्यांपैकी दोन वाहकाच्या आहेत, म्हणून उत्तर निम्मे. तिघांनी एवढा विचार केला होता आणि तेवढा तो बरोबरही होता. पण मुलाला आजार नाही, हे प्रश्नातच सांगितले आहे. म्हणजे 'सस' ही जोडी बाद झाली. उरलेल्या तिन्हींपैकी दोन वाहकाच्या. उत्तर २/३. मुलीचेच बरोबर होते.

हा प्रश्न केवळ चार गुणांचा नाही. विदर्भातील आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आढळतात. वाहक आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला, स्वतः धडधाकट असलेला तरुण लग्नापूर्वी सल्ला विचारायला येतो, तेव्हा रक्ततपासणीचे महत्त्व त्याला पटवून देताना हाच अपूर्णांक सांगावा लागतो.

मग तिघे एकाच ठिकाणी का चुकले? तिघांनीही चौकट एकाच पद्धतीने घोकली होती : वाहक किती, तर निम्मे. तीन तोंडांतून आलेली ती एकच साक्ष होती. फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से याने १७८५ साली बहुमताचे गणित मांडले. तिघे स्वतंत्रपणे विचार करीत असतील आणि प्रत्येकाचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांवर जाते. पण प्रश्न फसवा असेल आणि प्रत्येकाची शक्यता ३० टक्केच असेल, तर बहुमताची शक्यता घसरून सुमारे २२ टक्के होते. थोडक्यात, बहुमत जसे ज्ञान बळकट करते तसाच गैरसमजही.

२०२४च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला आधी दोन पर्याय बरोबर धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आय.आय.टी.तील तिघा तज्ज्ञांचे मत मागवले आणि एकच पर्याय बरोबर ठरला. दुसरा पर्याय चार लाखांहून अधिक मुलांनी निवडला होता, पण संख्येमुळे तो बरोबर ठरला नाही.

याचा अर्थ मुलांनी उत्तरे ताडून पाहूच नयेत असा नाही. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात मिशेल स्मिथ व सहकाऱ्यांनी जनुकशास्त्राच्या वर्गात एक प्रयोग केला. तो २००९ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी आधी प्रश्न एकट्याने सोडवला, तेव्हा सरासरी ५२ टक्के उत्तरे बरोबर आली. शेजाऱ्याशी चर्चा केल्यावर ६८ टक्के आली. मग बरोबर उत्तर न सांगताच त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला, तेव्हा ७३ टक्के आली. चर्चेत केवळ हुशार मुलाचे उत्तर उचलले गेले असते, तर नवा प्रश्न एकट्याने सुटला नसता.

शिक्षकांनी हे वर्गात सहज करून पाहावे. चाचणीनंतर उत्तरतालिका लगेच फळ्यावर लिहू नये. चौघाचौघांचे गट करावेत. उत्तर सांगताना पर्यायाचा क्रमांक नव्हे, तर कारण सांगायचे, असा नियम ठेवावा. ज्याचे उत्तर वेगळे असेल त्याला पहिल्यांदा बोलू द्यावे. शेवटी तशाच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे.

त्या दिवशी गाडी लागेपर्यंत आम्ही एवढेच केले. मुलीला विचारले, "तीन का केलास?" तिने पेन मागून घेतले, चार जोड्या लिहिल्या आणि एक खोडली. तिघेही वाकून पाहत होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "अरे, आजार नाही हे आपण वाचलंच नाही!"