फिरते घर आणि इंटरनेट : अमेरिकेच्या दुर्गम प्रदेशांतील संपर्काचा प्रश्न

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘आर.व्ही.’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे वाहन म्हणजे चाकांवरचे घरच होय. ओटा, बिछाना, न्हाणीघर, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या असा सारा संसार त्यात सामावलेला असतो. काही वाहनांना स्वतःचे इंजिन असते, तर काही मोटारीमागे जोडून न्यावी लागतात. पूर्वी सुटीतील सहलीचे साधन म्हणून या वाहनाकडे पाहिले जाई. परंतु हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात घालविणारी निवृत्त दांपत्ये, घरभाडे न परवडल्याने वाहनातच राहू लागलेली वयस्क माणसे आणि २०२० च्या महामारीनंतर कार्यालयाचे काम कोठूनही करण्याची मुभा मिळालेले नोकरदार यांच्यापैकी अनेकांचे ते आज कायमचे घर बनले आहे. अशा माणसांच्या दृष्टीने इंटरनेट ही करमणुकीची बाब नव्हे. पगार, बँक, डॉक्टरांचा सल्ला आणि वणव्याची पूर्वसूचना या साऱ्या गोष्टी त्याच वाटेने येतात. हा संपर्क कसा टिकतो आणि कोठे तुटतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. चांगली उपकरणे विकत घेतली की हा प्रश्न सुटतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

मुक्कामाची जागा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत केंद्र शासनाच्या मालकीची अफाट जमीन आहे. एकट्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन असून तिच्या बऱ्याचशा भागात विनामूल्य मुक्काम करता येतो. मात्र सामान्यतः २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवसच एका ठिकाणी राहता येते. त्यानंतर जागा बदलावी लागते. साहजिकच एका ठिकाणी संपर्काची घडी नीट बसली, तरी दोन आठवड्यांनी ती मोडून पुन्हा नव्याने बसवावी लागते.

दुर्गमता ही केवळ अंतराची गोष्ट नसते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट या गावाची वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आसपास; हिवाळ्यात मात्र भोवतालच्या वाळवंटात हजारो फिरती घरे येऊन उतरतात. अशा गर्दीत फोनवर संकेताच्या सर्व पट्ट्या दिसत असूनही साधे पान उघडेनासे होते. पट्ट्या लहरींचे बल दाखवितात. त्या मनोऱ्यावर किती जणांचा भार आहे, हे त्या सांगत नाहीत. स्थानकात एस.टी. उभी दिसली म्हणजे बसावयास जागा मिळेलच असे नव्हे, तसाच हा प्रकार.

मनोरे आणि लहरी

मोबाइल मनोऱ्यांच्या लहरी एकाच प्रकारच्या नसतात. ६०० ते ८५० मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर पोहोचतात, पण त्यांच्यातून वाहणारी माहिती तुलनेने थोडी असते. अधिक वारंवारतेच्या लहरी भरपूर माहिती वाहून नेतात, परंतु लवकर क्षीण होतात. दुर्गम भागात बहुतांशी पहिल्या प्रकारावरच विसंबावे लागते. कंपन्यांचे व्याप्ती-नकाशे प्रामुख्याने गणिती प्रारूपांवर आधारलेले असतात. नकाशावर रंगविलेल्या प्रदेशातही एखादी टेकडी आडवी आली की पलीकडची दरी कोरडी राहते, आणि उलटपक्षी दोनशे मीटर चढावर गेल्याने तुटलेला संपर्क जुळल्याचाही अनुभव येतो. वाहनाची बांधणीही आड येते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कवच लहरींना बाहेरच रोखते. त्यामुळे आत बसून चाललेली धडपड पुष्कळदा छतावरील एका साध्या अँटेनाने संपते.

संकेत वाढविणाऱ्या बूस्टरविषयी बरेच गैरसमज आहेत. हे यंत्र असलेला संकेत मोठा करते. जेथे संकेतच नाही तेथे ते निरुपयोगी ठरते, कारण शून्यास कितीही पटींनी गुणले तरी शून्यच उरते. शिवाय आजचे मोबाइल जाळे एकाच वेळी दोन किंवा अधिक अँटेनांद्वारे माहितीचे स्वतंत्र प्रवाह पाठविते, आणि बहुतेक बूस्टर मात्र बाहेरच्या एकाच अँटेनावर चालतात. परिणामी पट्ट्या वाढतात, पण वेग घटतो, असे चमत्कारिक दृश्य दिसते. चुकीच्या बूस्टरने मनोऱ्यालाच व्यत्यय येऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी नियम घालून दिले आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे नोंदणी बंधनकारक केली.

एका प्रदेशात तर शांतता हेतुपुरस्सर राखली जाते. व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत पसरलेले सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचे ‘रेडिओ शांतता क्षेत्र’ १९५८ मध्ये निर्माण करण्यात आले. त्यातील ग्रीन बँक येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण अवकाशातील अतिक्षीण लहरी टिपत असते. तिच्या परिसरात मोबाइल मनोऱ्याची अपेक्षाच ठेवू नये.

उपग्रहाचा मार्ग

मनोरा नसेल तेथे आकाशाकडे पाहावे लागते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. विचारणा वर जाऊन खाली येते आणि उत्तरही तसेच परतते. या सुमारे १ लाख ४४ हजार किलोमीटरच्या फेरीस प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. पत्र पाठविण्यास याची अडचण नाही, पण संभाषणात दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. अशी तबकडी दक्षिणेकडे अचूक रोखावी लागते. जसजसे उत्तरेस जावे तसतसा उपग्रह क्षितिजाकडे उतरतो. अलास्कातील ६६६ किलोमीटर लांबीच्या डाल्टन महामार्गावर तो इतका खाली असतो की दक्षिणेचा एखादा डोंगरही त्याला झाकून टाकतो.

स्टारलिंकने हे चित्र पालटले. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या हजारो उपग्रहांमुळे विलंब बराच कमी झाला. मे २०२२ मध्ये फिरत्या घरांसाठी या कंपनीची स्वतंत्र योजना आली, त्याच वर्षी चालत्या वाहनात वापरण्याची परवानगी मिळाली, आणि २०२४ मध्ये पिशवीत मावेल एवढी अँटेना उपलब्ध झाली. तथापि हे उपग्रह सतत सरकत असल्याने आकाशाचा मोठा भाग मोकळा असावा लागतो. उत्तर कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांच्या गर्द सावलीत उपग्रह झाडांआड गेला की संपर्क तुटतो आणि दुसरा मोकळ्यात आला की जुळतो. मुलाखत किंवा वैद्यकीय सल्लामसलत चालू असताना हा लपंडाव फार महाग पडतो.

विजेचा हिशेब

या विषयात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब विजेची आहे. सरासरी ५० वॅट वीज घेणारी अँटेना दिवसरात्र चालू ठेवल्यास १,२०० वॅट-तास खर्ची पडतात. १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम बॅटरीत साधारण तेवढीच ऊर्जा असते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तशा दोन लागतात. दिवे, पाण्याचा पंप आणि शीतकपाट यांचा खर्च वेगळाच. लहान अँटेना २५ ते ४० वॅटवर भागवते, आणि रात्री ती बंद ठेवली तर बराच ताण हलका होतो. खरी कोंडी उन्हाळ्यात होते. माणसाला सावली हवी असते, तर सौरपट्टीला ऊन आणि अँटेनाला मोकळे आकाश. थंडावा आणि संपर्क यांपैकी एकाची निवड करणे अनेकदा भाग पडते, आणि पगार ज्याच्यावर अवलंबून आहे तो बहुधा उन्हात राहतो.

संकटकाळ

ओरेगॉन राज्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ प्रदेशात २००६ साली घडलेल्या दोन घटना येथे नोंदविणे अगत्याचे आहे. मार्च महिन्यात सहा जणांचे एक कुटुंब आपल्या आर.व्ही.सह बर्फात अडकले आणि १७ दिवस बाहेरच्या जगाशी त्याचा संपर्क होऊ शकला नाही. वाहनात निवारा होता, अन्न होते, म्हणून सर्वजण वाचले. नोव्हेंबरअखेर त्याच भागात साध्या मोटारीतून जाणारे दुसरे कुटुंब अडकले. त्यांच्या फोनचा एका दूरच्या मनोऱ्याशी क्षणमात्र संबंध आला होता. कंपनीच्या अभियंत्यांनी ती नोंद हुडकली आणि तिच्यामुळे शोधाचे क्षेत्र आकुंचित झाले. आई व दोन मुली ४ डिसेंबर रोजी सापडल्या. मदत आणण्यासाठी पायी निघालेले वडील मात्र मरण पावले.

त्यानंतरच्या काळात पर्याय वाढले. नोव्हेंबर २०२२ पासून काही आयफोनवरून उपग्रहाद्वारे थेट मदत मागता येऊ लागली, आणि जुलै २०२५ मध्ये टी-मोबाइलने साध्या फोनवर उपग्रहामार्फत संदेशांची सेवा सुरू केली. अर्थात यांनाही मोकळे आकाश लागतेच. उलट २०२२ मध्ये तिसऱ्या पिढीची मोबाइल सेवा बंद झाली, तेव्हा केवळ तिच्यावर चालणारी कित्येकांची जुनी उपकरणे एकाएकी निकामी ठरली. म्हणून अनुभवी प्रवासी दोन भिन्न कंपन्यांची मोबाइल सेवा आणि जमल्यास उपग्रह अशी जोडी ठेवतात, कागदी नकाशा बाळगतात, आणि सुमारे १६२ मेगाहर्ट्झवर चालणारा हवामान खात्याचा रेडिओ ऐकतात. त्याला इंटरनेटची गरज नसते. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशीच ते जागेवर पोहोचतात आणि कामाच्या नेमक्या वेळी माहिती वर पाठविण्याचा वेग तपासतात. तो अपुरा भरला, तर वहीत टिपून ठेवलेल्या मागच्या चांगल्या मुक्कामाकडे त्याच सायंकाळी परततात.