उपास मोडायला सांगणारा धर्म

सणासुदीच्या दिवसांत ओपीडीत एक प्रसंग हमखास घडतो. साखर एकदम उतरलेला रुग्ण येतो. खोदून विचारले की कळते, निर्जळी उपास होता! ‘तुम्ही रागावाल म्हणून सांगितले नाही.’ इतवारीत पर्युषण, रमजान, हरतालिका सगळेच पाळले जाते. अशांसाठी एका वेगळ्या उपासाची गोष्ट.

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, मराठी बोलणारे बेने इस्रायली यहुदी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. यहुद्यांच्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी योम किप्पूर येतो. बेने इस्रायली त्याला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. दारे बंद, पांढरे कपडे, प्रार्थना आणि चुकांचा पश्चात्ताप. सुमारे 25 तास अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही.

निरोगी शरीराला हे झेपते. यकृतातील साखरेचा साठा ओसरला की शरीर चरबी वापरू लागते. डोके मात्र दुखते. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका पाहणीत, उपास करणाऱ्या 39 टक्के रुग्णालय कर्मचाऱ्यांचे डोके दुखले. न करणाऱ्यांत हे प्रमाण 7 टक्के होते.

पण इतक्या कडक उपासालाही धर्मानेच अपवाद ठेवला आहे. जिवाला धोका असेल तर उपास मोडायचाच. यहुदी धर्मशास्त्र सांगते, तज्ज्ञ म्हणतील तसे आजाऱ्याला खाऊ घाला. तज्ज्ञ नसतील, तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर. तिथे खाणे हे पाप नाही, कर्तव्य आहे.

कोणत्याही धर्माच्या उपासकर्त्याने एवढे लक्षात ठेवावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्यांची मात्रा आपल्या मनाने बदलू नका. चहाची सवय असेल तर आठवडाभर आधीपासून थोडा थोडा कमी करा. उपासात बोटातून रक्त काढून साखर तपासता येते. ती 70 च्या खाली गेली, दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर लगेच साखरपाणी घ्या, मुहूर्ताची वाट पाहू नका.

आणि डॉक्टरांपासून उपास लपवू नका. आम्ही रागावणार नाही, गोळ्यांचे वेळापत्रक तेवढे बदलून देऊ.