मुक्त आज्ञावली : समुदायाकडून संस्थेकडे

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना संस्था-उभारणीचे महत्त्व नव्याने पटवून द्यावे लागत नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत होता आणि या संपूर्ण पट्ट्यात लोकांनी स्वतःच्या बळावर अनेक कामे उभी केली. मुठी-मुठीने धान्य गोळा करून वसतिगृहे चालविली, भागभांडवल जमवून सहकारी साखर कारखाने काढले, श्रमदानातून शाळांच्या इमारती बांधल्या. या परंपरेत आता श्रमदानाच्या एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. त्यात घाम गाळावा लागत नाही, परंतु बुद्धी आणि वेळ मात्र मुक्तहस्ताने द्यावा लागतो. हे श्रमदान म्हणजे मुक्त संगणक आज्ञावलीची निर्मिती होय.

अशी आज्ञावली तयार करणारे लोक प्रारंभी केवळ एकमेकांच्या विश्वासावर एकत्र येतात. काम वाढले, की त्यांच्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. या कामाचे नाव, पैसा आणि साधने कोणाच्या स्वाधीन असावीत? जगातील अनेक समुदायांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्र, ना-नफा तत्त्वावरील संस्था स्थापून दिले आहे. हे स्थित्यंतर का घडते, कसे घडते आणि त्यात कोणती सावधगिरी आवश्यक असते, हे समजून घेणे आपल्याकडील तरुणांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

मुक्त आज्ञावली म्हणजे काय?

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी त्याला ज्या सूचना द्याव्या लागतात, त्यांच्या सुसंगत संचाला आज्ञावली म्हणतात. या सूचना ज्या स्वरूपात माणूस लिहितो आणि वाचू शकतो, ते तिचे मूळ लेखन, म्हणजेच सोर्स कोड. बहुतेक व्यापारी कंपन्या हे मूळ लेखन गुप्त ठेवतात. मुक्त आज्ञावलीत मात्र ते सर्वांसाठी खुले असते. ती कोणत्याही कामासाठी वापरण्याची, अभ्यासण्याची, तिच्यात सुधारणा करण्याची आणि मूळ किंवा सुधारित प्रत इतरांना देण्याची मोकळीक परवान्यानेच दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये या विचाराचा पाया घातला. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये सुरू केलेली लिनक्स ही आज जगातील असंख्य संगणकांचा आधार बनली आहे.

शेतकऱ्याला हा विचार परका वाटू नये. घरच्या ज्वारीचे उत्तम कणीस निवडून ठेवायचे, त्याचे बियाणे शेजाऱ्याला द्यायचे, त्याने आपल्या रानात आणखी निवड करायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बियाणे दिल्याने देणाऱ्याचे काही उणे होत नाही, उलट वाण सुधारतो. मुक्त आज्ञावलीचेही असेच आहे.

केवळ परवाना पुरेसा नाही

मूळ लेखन परवान्याने सर्वांचे झाले, तरी काही गोष्टी अशा उरतात की, ज्या एकाच वेळी सर्वांच्या हाती असू शकत नाहीत. आज्ञावलीचे नाव व बोधचिन्ह, संकेतस्थळाचा पत्ता, जेथे काम साठविले जाते तो सर्व्हर, देणगीची रक्कम आणि करारावर सही करण्याचा अधिकार या त्या गोष्टी होत. नोंदणी नसलेल्या समूहाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. त्याच्या नावाने मालमत्ता धारण करता येत नाही. मग या सर्व गोष्टी एखाद्या सदस्याच्या किंवा एखाद्या कंपनीच्या नावावर राहतात. ती व्यक्ती दुसरीकडे गेली अथवा कंपनीचे धोरण बदलले, की साऱ्यांचे काम अडते.

अपाचे या सर्व्हर-आज्ञावलीचा अनुभव बोलका आहे. 1995 मध्ये आठ जणांच्या गटाने हे काम हाती घेतले. 1998 मध्ये आय.बी.एम.सारख्या मोठ्या कंपनीला ती आपल्या उत्पादनांत वापरावयाची होती, तेव्हा करार करावयाचा तो कोणाशी, हाच प्रश्न पडला. पुढे 1999 मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

लिब्रेऑफिसची कथा

पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरण यांसाठी वापरली जाणारी लिब्रेऑफिस ही मुक्त आज्ञावली मराठीतूनही उपलब्ध आहे. तिचे मूळ जर्मनीतील एका खासगी कंपनीच्या स्टारऑफिस या उत्पादनात आहे. ती कंपनी 1999 मध्ये अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली आणि 2000 मध्ये तिचे मूळ लेखन ओपनऑफिस या नावाने खुले केले. देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी त्यात भर घातली, आपापल्या भाषांत ती आणली. परंतु नाव आणि अंतिम निर्णय कंपनीकडेच राहिले.

जानेवारी 2010 मध्ये सन ही कंपनीच ओरॅकलने विकत घेतली. आता आपल्या कामाचे काय होणार, या चिंतेतून समुदायातील प्रमुख कार्यकर्त्यांनी 28 सप्टेंबर 2010 रोजी द डॉक्युमेंट फाउंडेशन या स्वतंत्र व्यासपीठाची घोषणा केली. ओरॅकलने त्यात सहभागी व्हावे आणि ओपनऑफिस हे नाव द्यावे, अशी विनंतीही त्यांनी केली. ते घडले नाही. मूळ लेखन परवान्यामुळे बरोबर नेता आले, परंतु दहा वर्षांच्या परिश्रमांनी लोकप्रिय झालेले नाव मागे सोडावे लागले. लिब्रेऑफिस हे नवे नाव लोकांना पुन्हा परिचित करून द्यावे लागले. या नावाची पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली.

जर्मन कायद्यानुसार संस्था स्थापण्यासाठी भांडवल आवश्यक होते. फेब्रुवारी 2011 मध्ये 50,000 युरोंचे आवाहन करण्यात आले आणि ही रक्कम अवघ्या आठ दिवसांत जमली. 17 फेब्रुवारी 2012 रोजी बर्लिन येथे संस्था विधिवत अस्तित्वात आली. तिच्या घटनेतील एक तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कोणत्याही एका कंपनीशी संबंधित व्यक्तींना संस्थेच्या निर्णय-मंडळात 30 टक्क्यांहून अधिक जागा मिळू शकत नाहीत. ज्या अनुभवातून समुदाय गेला, त्याची पुनरावृत्ती टाळण्याची ही तजवीज होय.

विकिपीडियाचे उदाहरण

ज्ञानकोशाच्या क्षेत्रातही असेच स्थित्यंतर घडले. 15 जानेवारी 2001 रोजी सुरू झालेला विकिपीडिया प्रारंभी बोमिस या खासगी कंपनीच्या सर्व्हरवर चालत असे. पुढे त्यावर जाहिराती येतील, या शंकेने 2002 मध्ये स्पॅनिश भाषेतील अनेक लेखक बाहेर पडले व त्यांनी वेगळा कोश सुरू केला. विनामूल्य लिहिणाऱ्याच्या मनात आपल्या श्रमांचा व्यापार होईल अशी शंका आली, की समुदाय दुभंगतो, हे त्यातून दिसले. 20 जून 2003 रोजी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन होऊन हे काम तिच्याकडे आले. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ त्याच वर्षी 1 मे रोजी, महाराष्ट्र दिनी झाला होता.

रयतेचा वस्तुपाठ

संगणकाचा मागमूस नव्हता, त्या काळात हाच प्रवास साताऱ्याच्या भूमीत घडलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथले. 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा प्रारंभ केला आणि 1924 मध्ये तिचे मुख्य ठिकाण सातारा येथे आले. सर्व जातींची मुले एकत्र राहून, एकत्र जेवून शिकतील असे वसतिगृह तेथे उभे राहिले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. हे सारे चालले ते लोकांनी दिलेल्या धान्यावर, विद्यार्थ्यांच्या कष्टांवर आणि प्रसंगी लक्ष्मीबाई पाटील यांनी विकलेल्या स्वतःच्या दागिन्यांवर.

1935 मध्ये संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली संस्थेची नोंदणी झाली. काम आधी सुरू झाले, कायदेशीर रूप सोळा वर्षांनी आले. परंतु ते आल्यामुळेच पुढील विस्ताराला भक्कम पाया मिळाला. 1930 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, 1959 मध्ये कर्मवीर गेले. संस्था राहिली आणि वाढली. 1948 मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने तिचे अनुदान काही काळ रोखले, तेव्हाही लोकांच्या आधारावर ती तग धरून राहिली. संस्थापक, आश्रयदाता आणि अनुदान यांपैकी कोणीही एक नसताना जी टिकते, तीच खऱ्या अर्थाने स्वतंत्र संस्था, हा धडा आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही तितकाच लागू पडतो.

सहकारी आणि ना-नफा

सांगलीच्या वाचकाला येथे सहकारी संस्थेची आठवण होणे स्वाभाविक आहे. एक सभासद, एक मत हे तत्त्व दोहोंत आढळू शकते. भेद आहे तो नफ्याच्या बाबतीत. सहकारी संस्थेत सभासद भाग विकत घेतो आणि त्याला लाभांश मिळू शकतो. ना-नफा संस्थेत शिल्लक सभासदांमध्ये वाटता येत नाही. ती संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच खर्च करावी लागते. मुक्त आज्ञावलीचा लाभ सभासद नसलेल्यांनाही सारखाच मिळत असल्याने तिच्यासाठी हे दुसरे रूप अधिक योग्य ठरते. ना-नफा म्हणजे वेतन न देणारी संस्था, असा मात्र समज नसावा. आवश्यक तेथे कर्मचारी नेमून त्यांना उचित मोबदला देण्यास कोणतीही आडकाठी नाही.

आपल्याकडील मार्ग

महाराष्ट्रात अशा समूहाला प्रामुख्याने तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला, संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली संस्था नोंदविण्याचा. त्यासाठी किमान सात व्यक्ती, उद्दिष्टांचे विधानपत्र आणि नियमावली लागते. दुसरा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली विश्वस्त निधी स्थापण्याचा. आपल्या राज्यात पहिल्या मार्गाने नोंदलेल्या संस्थेचीही या अधिनियमाखाली नोंद होते आणि दोहोंवर धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेची देखरेख असते. तिसरा मार्ग कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 8 खालील कंपनीचा. तिला लाभांश वाटता येत नाही आणि तिची नोंद केंद्र शासनाच्या कंपनी निबंधकांकडे होते.

नोंदणीनंतर जबाबदाऱ्याही येतात. हिशेब ठेवून त्यांची तपासणी करून घ्यावी लागते. विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांच्या आत बदल अर्ज सादर करावा लागतो. स्थावर मालमत्ता विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मुक्त आज्ञावलीला परदेशातूनही देणग्या येऊ शकतात. त्या स्वीकारण्यापूर्वी विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, 2010 खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक असते. या गोष्टी काहींना जाचक वाटतात. परंतु लोकांच्या देणगीवर चालणारे काम लोकांना तपासता यावे, हाच त्यांमागील हेतू होय.

प्रारंभ कोठून करावा?

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट कार्यरत आहे. राज्यातील इतर महाविद्यालयांतही असे गट आढळतात. विद्यार्थी-गटाची एक स्वाभाविक मर्यादा असते. चार वर्षांत प्रत्येक पिढी शिक्षण संपवून पुणे, मुंबई, बेंगळुरू गाठते. जाणाऱ्यांबरोबर संकेतशब्द, सर्व्हरची माहिती आणि जमाखर्चही निघून गेला, तर मागे राहिलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रत्येक लहान गटाने लगेच नोंदणी करावी, असे नाही. रयतेची नोंदणीही काम उभे राहिल्यावरच झाली. परंतु संस्थेची शिस्त नोंदणीच्या आधीपासून अंगी बाणविता येते. सभेचे इतिवृत्त लिहावे. पैशाचा व्यवहार दोघांच्या सहीने व्हावा. महत्त्वाचे संकेतशब्द किमान तीन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावेत. कोणी कोणते काम केले आणि ते कोणत्या परवान्याखाली दिले, याची नोंद ठेवावी. नाव व बोधचिन्ह कोणाच्या स्वाधीन आहे, हे वादाचा प्रसंग येण्यापूर्वीच लेखी ठरवावे. पुढे नोंदणीची वेळ येईल, तेव्हा हीच वही विधानपत्राचा कच्चा मसुदा ठरेल.

संस्था स्थापन झाली म्हणजे समुदायाचे काम संपले, असेही मानू नये. निवडणुका वेळेवर न झाल्या, मोजक्या व्यक्तींच्या हाती कारभार एकवटला किंवा एकाच देणगीदाराच्या तंत्राने निर्णय होऊ लागले, तर नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि स्वातंत्र्य मात्र हरपते. मूळ लेखनाचे रक्षण परवाना करतो, नाव व पैसा यांचे रक्षण घटना करते आणि घटनेचे रक्षण जागरूक सभासदांनाच करावे लागते. सातारा-सांगलीच्या तरुणांना याचा पाठ दूर कोठे शोधावयास नको. त्यांच्यापैकी अनेक जण ज्या शाळेत शिकले, तिच्या दारावरील पाटीवरच तो लिहिलेला आहे.