दहा वर्षांची गोळी

गाठ काढली की रोग गेला, असा समज सहज होतो. परंतु स्तनाचा जो कर्करोग इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसला जातो, त्याच्या काही पेशी वर्षानुवर्षे दडून राहू शकतात. टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी त्या पेशींतील संप्रेरकाची जागाच अडवून धरते. ती 5 ऐवजी 10 वर्षे घेतली, तर पाचव्या ते चौदाव्या वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा 25 वरून 21 वर येते, असे 2012 च्या ‘अ‍ॅटलास’ चाचणीत दिसले. फरक लहान खरा, पण तो प्राणांचा आहे.

मुंबईच्या टाटा रुग्णालयातून नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींशेजारी, अहिवाऱ्यास परतलेल्या गृहिणीस बरे वाटू लागले, की घरखर्चात पहिली काटछाट बहुधा तिच्याच औषधाची! या गोळीने गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. म्हणून पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाल्यास तो लाजेने लपवू नये. डॉक्टरांस तत्काळ सांगावा.