दोष पोरीचा नाही, गिटारचा!

परीक्षा संपतात, सुट्टी लागते आणि घरात गिटारचा हट्ट सुरू होतो. मोबाइलवर बघून स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार मागवली जाते. पहिले आठ दिवस घरात नुसता दणदणाट! मग आवाज कमी कमी होत जातो. बोटं दुखतात, सूर लागत नाही, लावला तर टिकत नाही. दोन महिन्यांनी गिटार कपाटामागे जाते आणि मोठी माणसं निकाल देऊन मोकळी होतात. मुलगा असेल तर, ‘त्याचं मनच लागत नाही.’ मुलगी असेल तर, ‘तरी सांगत होते, हे काय मुलींचं काम आहे?’

मैत्रिणींनो, हा निकाल देण्याआधी एकदा गिटार तपासायला नको का?

स्वस्त गिटार वाईटच असते असं नाही. तिचं लाकडी अंग आणि मान मशिनवर कापलेली असते, ती बहुधा ठीक असते. पैसे वाचवलेले असतात ते हाताच्या कामात आणि बारीकसारीक सामानात. पडद्यांची टोकं घासलेली नसतात, तारा नको तितक्या उंच असतात, खुंट्या ढिल्या आणि घोडी हलकी असते. शिकणाऱ्याच्या बोटांना त्रास होतो तो नेमका इथेच.

ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांना विचारा. भोपळा कितीही देखणा असो, घोडीवर तार नीट टेकली नाही तर तंबोरा बोलत नाही. म्हणून तर जवारी काढणाऱ्या हाताला एवढा मान! गिटारचंही तसंच आहे.

आईच्या डब्यातली बटणं

इंग्लंडमधला ब्रायन मे हा सोळा वर्षांचा मुलगा. चांगली इलेक्ट्रिक गिटार घेणं घरच्यांना परवडत नव्हतं. १९६३ मध्ये त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. मान केली जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीची, स्प्रिंगा घेतल्या जुन्या मोटरसायकलच्या. मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं बसवली. तारांना झोल देणाऱ्या दांडीच्या टोकाला आईच्याच विणकामाच्या सुईचं टोक लावलं! हीच गिटार घेऊन तो पुढे ‘क्वीन’ या बँडमधून जगभर गाजला. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी मुलगा.

आणि ‘मुलींचं काम नाही’ म्हणणाऱ्यांना एक नाव जरूर सांगा, अ‍ॅबिगेल यबारा. अमेरिकेतल्या प्रसिद्ध फेंडर कंपनीत त्या १९५६ मध्ये लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. गिटारच्या तारांखाली जो पिकअप असतो, त्याच्या लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे त्या घालत. त्यांच्या हातचे पिकअप वादक शोधून शोधून घेत. विहिरीवरची मोटार जळाली की आपण ती रिवाइंडिंगला टाकतो ना? तेच तत्त्व, फक्त फार नाजूक.

घरच्या घरी काय करता येईल?

गिटारचा कारागीर म्हटलं की शहाद्याहून आपली नजर नाशिक नाहीतर सुरतेकडे जाते. पण निम्मं काम स्क्रूड्रायव्हर, एलन की, बारीक कानस आणि थोडा धीर एवढ्यावर होतं.

पडद्यांची टोकं : मानेच्या कडेवरून हलकेच बोट फिरवा. टोचतंय? आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, धातूचा पडदा मात्र आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. लाकडावर चिकटपट्टी लावून बारीक कानशीने टोकं गोल करा.

तारांची उंची : बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत साधारण दीड ते दोन मिलिमीटर अंतर पुरे, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जाडीहून किंचित जास्त. अंतर खूप असेल तर आधी मान बघा. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरा, मधोमध कागदाच्या जाडीइतकी फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर मानेतल्या लोखंडी सळईचा नट एलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. नट घट्ट लागला तर तिथेच थांबा, जोर करू नका. मान सरळ झाली की घोडीवरचे छोटे स्क्रू फिरवून तारा खाली आणा.

सूर : मोकळी तार छेडा, मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. मोकळ्या तारेचा सा, तर दाबलेल्या तारेचा बरोबर वरचा सा यायला हवा. मोबाइलवरचा फुकट ट्यूनर हे लगेच दाखवतो. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीवरचा त्या तारेचा तुकडा मागे सरकवा, उतरलेला असेल तर पुढे घ्या.

अडकणारी तार : खुंटी पिळताना ‘टिक’ असा आवाज येतो? मानेच्या टोकाला असलेल्या पट्टीच्या खाचेत तार अडकतेय. साध्या पेन्सिलीचं शिसं त्या खाचेत घासा. दोन रुपयांचा इलाज!

ढिले स्क्रू : पट्ट्याचा स्क्रू भोकात गरगर फिरतो का? टूथपिकला फेविकॉल लावून भोकात बसवा, जास्तीचा भाग कापा आणि रात्रभर वाळू द्या. स्क्रू पुन्हा घट्ट बसेल.

एवढं करून नव्या, पातळ तारा चढवल्या की निम्म्या तक्रारी मिटतात. त्यानंतरच सामान बदलायचा विचार करा. पहिला मान खुंट्यांना, मग वरच्या पट्टीला, मग घोडीला. मागवण्याआधी मोजपट्टी घ्या. खुंटीच्या भोकाचा व्यास, खुंट्या सहाही एका रांगेत आहेत की तीन-तीन, घोडीच्या स्क्रूंमधलं अंतर, सगळं लिहून ठेवा. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही नवं सामान बसत नाही आणि लाकूड कोरत बसावं लागतं. भोक मोठं करायची वेळ आलीच तर ओळखीच्या सुतारदादांना सांगा. सागवानाच्या दरवाजाला बिजागरी बसवणारा हात हे काम सहज करील.

अंग रंगवायची हौस शेवटी भागवा. घासण्याचं काम अंगणात, नाकाला रुमाल बांधून करा, कारण जुन्या रंगाची धूळ छातीला वाईट. रंगाने आवाज सुधारत नाही, पण वाद्य ‘माझं’ होतं. वारलीची चित्रं काढायला याहून छान फळी कुठे मिळणार?

एक गोष्ट मात्र कडक. गिटारमध्ये विजेचा झटका देण्याइतका प्रवाह नसतो, पण अ‍ॅम्प्लिफायर घरच्या विजेवर चालतो. तो घरी उघडू नका. त्याची तीन पिनांची प्लग कापून दोन पिनांची लावू नका. गिटारच्या तारा आतून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल तर बिघाड झाल्यावर झटका थेट बोटांना बसतो. गिटार उघडण्याआधी तिची वायर काढून ठेवा. आणि हो, उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली किंवा पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून गिटार ठेवू नका. मान पुन्हा वाकेल.

हे काम मुलीला बाजूला बसवून करू नका, तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. आपण फक्त टॉर्च धरायचा! जिने आपल्या वाद्याची घोडी स्वतः लावली, तिला सूर कुठून येतो हे कळतं. एवढं करूनही तिला गिटार नकोशी वाटली तर वाटू दे. ती गिटार सोडेल ती आवडली नाही म्हणून, आपल्याला जमत नाही असं समजून नव्हे. या दोन्हींत केवढा फरक आहे, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?