बदललं तेवढंच पुन्हा घडवा

हजारो फाइलींच्या प्रोग्रॅममध्ये एकच ओळ बदलली, तर सगळं पुन्हा कंपाइल करायचं का? १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेल्या ‘मेक’नं या प्रश्नाचं साधं उत्तर दिलं. कुठली फाइल कशापासून बनते, हे मेकफाइलमध्ये नोंदवायचं. तयार फाइल अजून नसेल किंवा मूळ फाइलची वेळ तिच्यापेक्षा नवी असेल, तरच मेक कामाला लागतं. ‘पार्सर.सी’ बदलली, तर फक्त ‘पार्सर.ओ’ नव्यानं बनते, मग शेवटची जोडणी होते. बाकीच्यांना हात लागत नाही.

खरी मेख त्या नोंदीत आहे. एखादी हेडर फाइल यादीत लिहायची राहिली, की ती बदलल्याचं मेकला कळतच नाही. जुनाच तुकडा जोडला जातो आणि प्रोग्रॅम भलतीकडेच कोसळतो. शिवाय फाइल नुसती सेव्ह केली तरी वेळ बदलते. म्हणून ‘बेझल’सारखी नवी साधनं वेळेऐवजी फाइलमधल्या मजकुराचा हॅश ताडून पाहतात.

पण नीट बिल्ड झालेलं पॅकेज नीट चालेलच असं नाही. डेबियन या लिनक्स वितरणात एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती ‘अनस्टेबल’ शाखेत आली, की तिच्या चाचण्यांबरोबर तिच्यावर विसंबलेल्या पॅकेजांच्याही चाचण्या आपोआप चालतात. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. कारण लायब्ररी लिहिणाऱ्याला तिचे सगळे वापरकर्ते माहीत असणं शक्यच नसतं. आधी पास होणारी चाचणी आता नापास झाली, तर नवी आवृत्ती ‘टेस्टिंग’ या पुढच्या शाखेच्या दारातच थांबते.