टाकलेली करवत : साध्य कीं असाध्य?

मागील महिन्यांत गोठ्याच्या माळ्यावरून पेंढा काढतांना पुतण्याच्या हातीं पेट्रोलवर चालणारी जुनी करवत लागली. आमच्याकडे हिला ‘कटर’ म्हणतात. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळानें आमच्या कोंकणांतील बागांची धूळधाण केली, तेव्हां ही घेतली होती. दोन पावसाळे राबून बंद पडली. “काका, भंगारांत द्यायची कीं दुरुस्त करायची?” पुतण्यानें विचारलें. माझें आयुष्य शब्दरूपें पाठ करून घेण्यांत गेलें. यंत्रांतलें मला काय कळणार! परंतु औषधापूर्वीं रोग साध्य कीं असाध्य हें ठरवावें, असें आपलें वैद्यकशास्त्र सांगतें. एका जाणत्या कारागिरास विचारून आम्हीं तोच क्रम धरिला. ज्यांच्या अडगळींत असें यंत्र असेल त्यांच्या उपयोगीं तो पडेल.

प्रथम स्विच बंद ठेवून, दोरीची मूठ धरून यंत्र अधांतरीं लोंबत सोडलें. सरसर खालीं आलें तर आंतील दाब गेला असें समजावें. आमचें अडखळत, सावकाश उतरलें. पण इतक्यानें हुरळून जाऊं नये. धुराची डबी काढली कीं त्या भोकांतून पिस्टन दिसतो. त्यावर उभे ओरखडे आहेत काय हें पाहावें. या एंजिनास वंगणाचा निराळा सांठा नसतो. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच त्याचें वंगण. पुष्कळ यंत्रांस लिटरमागें २० मिलिलिटर तेल लागतें. कोणी उसनी नेऊन नुसतें पेट्रोल ओतलें, कीं पिस्टन सिलिंडरला घासून दोन्ही निकामी होतात, आणि ती जोडी बदलण्यापेक्षां यंत्राची आशा सोडलेली बहुधा बरी.

आमचा पिस्टन गुळगुळीत निघाला. मग उरले किरकोळ विकार: कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा वाळून कडक झालेला, नळी तडकलेली, टाकींत चिकट राळ. हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें ओल शोषून घेतें. भरल्या टाकीनें यंत्र माळ्यावर टाकणें हें पातक मात्र आमच्याच हातचें!

खरा घातक दोष अगदीं शेवटीं दिसला. पुढील मुठीसमोर प्लॅस्टिकचें एक पान असतें. तें नुसतें हात राखण्यास आहे असें मी समजत होतों. ती साखळीच्या ब्रेकची तरफ आहे. पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास लागला, कीं करवत क्षणार्धांत उसळून धरणाराच्या तोंडावर येते. त्या वेळीं मनगट आदळून किंवा त्या झटक्यानेंच पान पुढें जातें व साखळी थांबते. आमचें पान मुळाशींच मोडलेलें होतें.

“मास्तर, त्याच्यावांचून एक अख्खा पावसाळा काढलाय मी,” आमचा गडी हंसून म्हणाला. त्याचा धाकटा मुलगा माझ्याकडे शिकवणीस येतो.

पडदा व नळी आणली आहे. ब्रेकचा भाग मागविला आहे. तो न मिळाल्यास करवत भंगारांत जाईल, मग एंजिन कितीहि धडधडो. तोंवर तिचा स्पार्क प्लग मीं माझ्या लिहिण्याच्या पेटींत कुलपांत ठेविला आहे. पुतण्या दोन दिवस माझ्याशीं बेतानेंच बोलत आहे.